बुधरीबाईचं बंद झाड

बारावीच्या पोरी कॉन्सिक्वेन्स आणि रिपरकशन या दोन्ही शब्दांपुढे डोळे मिटून ‘परिणाम’ लिहून मोकळ्या होतात आणि माझं डोकं फिरतं. कॉन्सिक्वेन्स म्हणजे केल्याचं फळ. ज्यानं केलं त्याच्या पदरात सरळ पडतं. रिपरकशन उशिरा येतं, आडवाटेनं येतं, आणि ज्यानं काहीच केलं नाही त्याचंही दार वाजवतं. आरमोरीच्या कॉलेजात हे मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. यंदा सुट्टीत घरी आले, तर ते आमच्या गावच्या सभेत सांगायची वेळ आली, कारण आरोपी माझी आई होती.

मोहफुलं वेचायची तर आधी झाडाखालचा पाचोळा काढावा लागतो. तो पेटवून देणं सोपं. पण जंगल जळतं म्हणून ग्रामसभेनं यंदा ठरवलं होतं, की पाचोळा झाडूनच काढायचा. जो आग लावेल त्याचं झाड हंगामभर बंद, म्हणजे त्यानं त्याची फुलं वेचायची नाहीत. आईनं लावली. आग आमच्याच झाडाखाली विझली, पण धूर सगळ्या गावानं पाहिला.

सभेचे अध्यक्ष चैतूकाका शिक्षा सुनावणार, तेवढ्यात मी उठले.

“काका, कॉन्सिक्वेन्स आईले भेटन, ठीक आहे. पण रिपरकशनचा विचार केला का?” आणि दोन्ही शब्द समजावून सांगितले, अगदी वर्गात सांगते तसे.

“एक झाड बंद केल्यानं दुसऱ्या कोनाचं काय बिघडते?” काकांनी विचारलं.

“थे आताच समजलं असतं तं वेगळा शब्द काऊन लागला असता?”

बाया हसल्या. झाड मात्र बंद झालं.

वर्षाचं तेल-मीठ आई त्या फुलांवर करते. ते मी भरून काढलं असतं. पण पहाटे सगळ्या बाया टोपल्या घेऊन निघायच्या आणि आई दारात नुसती बसून राहायची, ते मला बघवत नव्हतं. मला गावाचा राग आला होता, आणि सुट्टी संपेपर्यंत तो सोडायचा माझा विचार नव्हता.

आमच्याकडे ज्याचं झाड त्यानंच वेचायचं. दुसरा कोणी हात लावत नाही. आईनं वेचायचं नाही, आणि परक्या झाडाखाली कोणी वाकायचं नाही. फुलांचा सडा साचत गेला, आंबूस वास सुटला आणि अस्वल यायला लागलं. आमचं झाड नेमकं शाळेच्या वाटेवर. एका सकाळी पोरं किंचाळत परत आली आणि शाळा बंद पडली.

चैतूकाका आमच्या दारात आले. मी जिभेला धार लावूनच बसले होते.

“आलं का रिपरकशन?”

“करिश्मा, चूप बस,” आई म्हणाली.

“बुधरीबाई, शिक्षा माफ,” काका म्हणाले. “उद्यापासून वेच.”

आई हो म्हणेल, असं मी धरूनच चालले होते.

“नाई. मले माफ केलं तं पुढच्या साली सगळेच आग लावतीन. पोरगी म्हंते थे दुसरं, थे मंग गावभर होईन. एक फूलबी मी घरी नेत नाई. पन लेकरायच्या वाटेवर अस्वल नाई पायजे. झाड माहं आहे, मी सांगतो, सगळ्याजनी वेचा. फुलं सभेच्या अंगनात टाका, साऱ्या गावाची.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आधी पुरुषांनी डबे बडवून अस्वल हाकललं. मग बाया झाडू आणि टोपल्या घेऊन आल्या, पण झाडाच्या सावलीबाहेरच थांबल्या. एकेक जण विचारायची, “बुधरीबाई, येऊ का?” आणि बुंध्याशी बसलेली आई प्रत्येकीला म्हणायची, “ये.” सभेत हसल्या होत्या त्यांनाही.

तिचे हात शिवशिवत होते. शेवटी तिनं ते मांडीखाली दाबून धरले. एक फूल टपकन तिच्या ओच्यात पडलं. आईनं ते उचललं, हुंगलं आणि चैतूकाकांच्या बायकोच्या टोपलीत टाकलं.

मला रडू आलं, आणि अभिमान तर असा वाटला, की घरी जाऊन मी कोपऱ्यातला झाडू आणला आणि सगळ्यांच्या ओळीत जाऊन वाकले. वाकण्याआधी मीही तिला विचारलं.

“ये,” आई म्हणाली.