गोळ्या चालू आहेत ना?

मी 'रुटीन' नावाच्या औषधाच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. नाव परकं वाटलं तरी मूळ साधंच आहे. कुट्टू नावाच्या पिकाच्या पाल्यातून काढलेल्या पिवळट भुकटीच्या या गोळ्या. त्या घेऊन मी आगबोटीने मुंबईला आले आणि एकोणीसशे त्रेपन्न साली कल्याणच्या औषधांच्या दुकानातून डोंबिवलीला, हरिहररावांच्या घरी.

गोळ्या त्यांच्या पत्नीसाठी, सरोजबाईंसाठी होत्या. त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा सुतळीच्या गाठींसारख्या फुगलेल्या. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, "गोळीने झाला तर थोडा आधार होईल. खरं औषध विश्रांती. रोज दुपारी पाय उशीवर ठेवून पडा. नाहीतर जखम होईल आणि ती भरणार नाही."

पहिल्याच दुपारी बाई उशी घेऊन आडव्या झाल्या. समोर देव्हारा. देवाकडे पाय कसे करायचे? वळल्या, तर आरामखुर्चीत सासरे. तिसरीकडे दक्षिण. शेवटी उशी उचलून ठेवली आणि चहाला लागल्या.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. मायेनंच म्हणाल्या, "सरोज, गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत ना, आई."

"मग झालं तर!"

या 'मग झालं'नेच घात केला. स्वयंपाकघरात उभ्यानं रांधायचा नवा ओटा होता, त्याचं सगळ्यांना भारी कौतुक. पाहुणेरावळे, सणवार, सगळं बाईंनी तिथे उभ्यानं निभावलं. हरिहरराव कचेरीतून आले की फडताळावर मला बघायचे आणि निर्धास्त होऊन पेपर उघडायचे. बायकोच्या पायांकडे बघायचं त्यांना सुचलं नाही. मला त्या निर्धास्तपणाची चीड यायची.

एक दिवस गोळ्या संपल्या. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. संपल्या म्हटलं की हे मायेचं विचारणंही संपेल, अशी भीती वाटली असेल त्यांना.

आता घोट्याजवळ जखम झालीय. लुगड्याची चिंधी बांधून त्या ती झाकतात. आज घरी पंगत आहे, पहाटेपासून बाई ओट्याशी उभ्या आहेत. चिंधी लाल झालीय.

"अगं, गोळी घेतलीस ना?" हरिहररावांनी बाहेरूनच विचारलं.

"घेतली हो," म्हणत त्यांनी मला डब्यांच्या मागे सारलं.

माझ्यात आता काही उरलं नाही. तुमच्या घरीही अशी एखादी बाटली असेल, तर तिच्यावर भरवसा ठेवून बाहेर बसू नका. आत जा. "भाताकडे मी बघतो, तू बस," एवढं म्हणा.