शँडेलिअर म्हणायचं असतं

रूपालीने तो शब्द वाचला होता, ऐकला कधीच नव्हता. २००४ साली इंदिरानगरात त्यांचं रो-हाउस बांधून होत आलं, तेव्हा नवरा ललित दिव्यांच्या दुकानांचे कॅटलॉग घरी आणायचा आणि दुपारी ती ते चाळत बसायची. काचेच्या लोलकांचा एक मोठा दिवा तिला फार आवडला. त्याच्याखाली इंग्रजीत नाव होतं. तिने डिक्शनरी काढली, अर्थ मिळाला : झुंबर. उच्चार दिलेला नव्हता, तो तिने स्पेलिंगवरून लावला. मखमलाबादच्या मराठी शाळेत शिकलेल्या कुणीही तसाच लावला असता.

कॅनडा कॉर्नर चौकातल्या दिव्यांच्या दुकानात ती उत्साहाने पुढे झाली. "ते वरचं चँडेलिअर दाखवा ना."

सेल्समन लगेच शिडी आणायला गेला. ललित मात्र काउंटरला टेकून हसत राहिला. "चँडेलिअर काय? शँडेलिअर. सी-एच दिसला की च म्हणत सुटायचं नसतं."

"मग मी झुंबरच म्हणते."

"झुंबर नाटकातल्या महालात असतं. आपल्याकडे शँडेलिअर. आणि माहीत नसलं तर चार माणसांत बोलू नये."

नवरा-बायकोतली गोष्ट, दुकानातच संपली असं तिला वाटलं.

वास्तुशांतीला ललितच्या अंबडच्या कंपनीतली साहेब मंडळी आली. दिवा लागला, सगळ्यांनी वर बघून कौतुक केलं आणि ललितने किस्सा काढला. रूपाली पेढ्यांचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

"आमच्या बाईसाहेब दुकानात काय म्हणाल्या माहितीये? ते चांडाळिअर दाखवा."

मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांची बायको म्हणाली, "सो स्वीट." रूपालीही हसली. पुढे कधी तो दिवस आठवला की तिला ललितपेक्षा स्वतःच्या त्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "मी चांडाळ म्हटलं नव्हतं."

"अगं, किश्शाला थोडा मीठमसाला लागतोच."

किस्सा मग घरातच राहायला आला. "काय चांडाळिअर, चहा झाला का?" अशी ललितची हाक सुरू झाली. तिसरीतली सृष्टी इंग्रजी शाळेत जायची. तीही आईला अडवायला शिकली. "मम्मी, वेडनेसडे नाही, वेन्झडे." हे सांगताना ती बापासारखीच आधी हसून घ्यायची.

रूपाली त्या काळात इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जायची. सृष्टीच्या शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली तर बघावी, असं तिच्या मनात होतं. पण आता सरांनी उभं केलं की तिची जीभ जड व्हायची. येणारे शब्दही येईनासे झाले. एक दिवस ती गेली नाही, मग गेलीच नाही. ललितच्या ते लक्षात आलं दिवाळीत. "बरं झालं," तो म्हणाला. "तसाही काही फरक पडत नव्हता."

सृष्टीच्या वाढदिवसाला रूपालीची आई नवसाबाई आली. मळ्यातली मेथी आणि पिशवीभर शेवंती घेऊन ती सोफ्याच्या कडेला टेकली. तेवढ्यात मोठे साहेब बायकोला घेऊन आले. नवसाबाई वर बघत कौतुकाने म्हणाली, "लय भारी लायटिंग हाय गं रुपे. गणपतीच्या मांडवावानी."

ललितने साहेबांकडे पाहिलं. त्याच्या ओठांचे कोपरे हलले. आता तो आईला धरणार हे रूपालीला दिसलं, आणि आईवरून गाडी आपल्यावर येणार हेही. त्याने तोंड उघडायच्या आत ती बोलून गेली.

"आई, लायटिंग मांडवात असतं. घरात शँडेलिअर म्हणतात. माहीत नसलं तर चार माणसांत बोलू नये."

साहेबांची बायको मान खाली घालून हसली. सृष्टी उघडच हसली.

"बरं," नवसाबाई म्हणाली.

केक कापेपर्यंत ती थांबली. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. रूपाली फाटकापर्यंत धावली. "आई, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नाय गं. मला तरी कुठं काय कळतंय."

आत आल्यावर ललित म्हणाला, "आज पहिल्यांदा बरोबर म्हणालीस."

त्यानंतर भाजी घेऊन भाऊ महेश यायला लागला. आईचं विचारलं की म्हणायचा, तिला मळ्यातून सवड नाही. शेवटी उन्हाळ्यात रूपाली एकटीच मखमलाबादला माहेरी गेली. ओट्यावर नवसाबाई शेजारच्या भागुबाईबरोबर हार करत बसली होती. तिचं मोकळं, मोठ्याने चाललेलं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. लेक दिसताच ती थांबली. हात पुसून उठली आणि आतून खुर्ची आणून ठेवली. एरवी रूपाली तिच्याशेजारी खाली बसायची.

"बस," नवसाबाई सावकाश, एकेक शब्द जपून म्हणाली. "चहा ठेवते. दूध ताजं आहे. येताना त्रास नाही ना झाला?"

"आई, अशी काय बोलतेस माझ्याशी?"

"का?" नवसाबाईने विचारलं. "चुकलं का काही?"

आणि ती खरंच उत्तराची वाट बघत उभी राहिली.