मोडक्या हाताची चव

वहिनीचा हात मोडला हे कळल्यावर नणंदेनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कुठला? उजवा?" आणि "हो" ऐकल्यावर क्षणभर थांबून दुसरा विचारला, "अगं बाई! मग मसाल्याचं?"

दुखतंय का, झोप लागते का, हे प्रश्न मागाहून आले. वहिनीला त्याचं नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर प्लास्टर ओलं असतानाच तिच्याही मनात मसालाच आला होता. चला, या वर्षी तरी सुटले, असं वाटून तिला चक्क बरं वाटलं होतं. हात मोडल्यावर माणसाला बरं वाटावं, म्हणजे बाई किती दमली असेल बघा.

घरात माणसं दोनच, पण दर उन्हाळ्यात ती मसाला करायची चार घरांचा. स्वतःचा, नणंदेचा, धाकट्या जावेचा आणि लेकीचा. निवडायचं, वाळवायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, दळायचं, चाळायचं आणि चाळणीत उरलेलं पुन्हा दळायचं. बदल्यात मिळायचं एकच वाक्य, "वहिनी, तुझ्या हाताला काय चव आहे गं!" तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि आपण खाली झोळी पसरून उभं राहायचं, अशी सगळी तऱ्हा. एकदा तिनं नवऱ्यापाशी विषय काढला होता. "यंदा आपल्यापुरताच करते हो, अंग मोडून येतं." पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले होते, "अगं, वर्षातून एकदा तर मागतात. एवढंसं तर काम." तिनं पुन्हा विषय काढला नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजत राहिली.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण त्यांचं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेलं होतं. शेजारच्या सीटवर बसायचं आणि "क्लच, क्लच! अहो, ब्रेक!" म्हणून ओरडायचं. नणंदेला काय उत्तर द्यावं याचा वहिनी विचार करत होती, तेवढ्यात मास्तरांनी फोन ओढून घेतला. "मिळेल तुझा मसाला, काळजी करू नकोस," असं बहिणीला सांगून टाकलं आणि फोन ठेवून बायकोकडे वळले. "मी करतो की. त्यात काय, भाजायचं नि दळायचं."

वहिनीचा चेहरा उतरला. हातही गेला आणि सुट्टीही गेली.

ठरल्या दिवशी मास्तर ओट्याशी उभे राहिले. वहिनी बसली बाजूला, ज्या स्टुलावरून पडून हात मोडला होता त्याच स्टुलावर.

"गॅस बारीक करा."

"बारीकच आहे."

"अजून. आणि हलवत राहा, थांबू नका."

"थांबलोय कुठं?"

"हे काय, आता थांबलात!"

धन्यांची पहिली कढई करपली. मास्तर म्हणाले, खपून जाईल. वहिनी म्हणाली, सगळा मसाला कडू होईल, टाका ते. मास्तरांनी ते टाकलं, पण आदळआपट करत. खोबऱ्याच्या वेळी मान खाली घालून ऐकलं. मिरच्या भाजायला घेतल्या तेव्हा असा ठसका लागला, की धावत बाल्कनीत गेले. समोरच्या घरांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. परत येऊन त्यांनी घाम पुसायला हात डोळ्याशी नेला. "नको, नको, हात धुवा आधी," असं वहिनी म्हणेपर्यंत उशीर झाला होता. नळाखाली डोकं धरून मास्तर ओरडत होते आणि इकडे वहिनीला हसू येत होतं. वाईटही वाटत होतं, पण हसू जास्त येत होतं.

मिक्सर तापला की त्याला विसावा द्यायचा. मास्तरांना विसावा नव्हता, तेवढ्यात चाळून घ्यायचं होतं. दुपारी चहात पाव बुडवून खाल्ला, तोही उभ्यानंच. बरण्या भरून झाल्या तेव्हा ते कंबर धरून खाली बसले.

"हे सगळं तू एका दिवसात करायचीस?"

"एका दिवसात. स्वयंपाक करून."

आता तरी काही म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली. मास्तर तळहातांना तेल चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरण्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या आणि संध्याकाळी नणंदेचा फोन आला. वहिनीनं तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी, मोडक्या हातानंसुद्धा काय चव गं! या खेपेला तर कमालच झाली. शेजारीण मागतेय. पुढच्या वर्षी थोडा जास्तच कर हं."

मास्तर समोर बसले होते. आता ही खरं काय ते सांगेल, या आशेनं त्यांनी भुवया उंचावल्या. वहिनीनं मुद्दामच सांगितलं नाही.

"हो ना," ती म्हणाली. "हाताचीच चव."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि त्यांचे तळहात अजून चुरचुरत होते. त्यांनी फोन हिसकावला.

"कसली हाताची चव? मी केलाय तो! दिवसभर विस्तवापुढं उभा होतो. डोळे जायची वेळ आली होती माझे. पुढच्या वर्षी मसालाबिसाला काही मिळायचा नाही. ज्यानं त्यानं आपापला करायचा!"

वहिनीला वाटलं, आता रडारड होईल, आपल्या माहेरचा उद्धार होईल, धाकट्या जावेला लगेच फोन जाईल.

"बरं दादा," नणंद म्हणाली. "नाही तर नाही. दुकानातही चांगला मिळतो हल्ली." आणि ती गुडघेदुखीकडे वळली.

फोन ठेवून मास्तर खुशीत मागे रेलले. "बघ, संपला विषय. तू उगाच इतकी वर्षं मरमर केलीस. एका शब्दानं बोलायचं होतंस ना!"

वहिनीला इतका राग आला, की आधी रडूच फुटलं.

"बोलले होते," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तुम्हाला."

 मास्तर उठले, आत गेले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले. ग्लास धरला तो तिच्या प्लास्टरमधल्या उजव्या हाताशी.

वहिनी त्या ग्लासाकडे बघत राहिली. मग तिनं डावा हात पुढं केला.