दोष माझाच होता म्हणा

मी पिस्तूल बोलतोय. तेही मान खाली घालून. नेब्रास्कातल्या व्हर्लिन ट्रॉयरचा मी. धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करता करता त्याचा जन्म गेला आणि माझा त्याच्या हातात.

विकतचं काडतूस त्याने मला कधी दिलं नाही. "ते हॉटेलातलं जेवण," म्हणायचा. गॅरेजमधल्या दाबयंत्रावर तो उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचा. गोळी आत बसावी म्हणून पुंगळीचं तोंड जरासं फाकवावं लागतं आणि नंतर आठवणीने आवळावं लागतं. नीट आवळलंय की नाही, हे बाकीचे लोक माझ्यासारख्याची नळी काढून तीत काडतूस टाकून बघतात. ठण्णकन आत बसलं की झालं. व्हर्लिनला तो नवशिक्यांचा उद्योग वाटायचा. तो प्रत्येक काडतुसावर नुसता अंगठा फिरवायचा आणि त्याचा अंगठा कधी चुकला नाही.

आता त्याची नजर अधू झाली, म्हणून क्लबच्या स्पर्धेत त्याची मुलगी ट्वायला मला चालवते. या वसंतात मी तिच्या हातात अडकायला लागलो. घास घशात अडकलेल्या माणसासारखा, अर्धं तोंड उघडं टाकून, चारचौघांत! शेजारचा ऑरिन तर टपूनच बसलेला.

"व्हर्लिन, पिस्तूल आहे की पेपरवेट?"

सगळे हसले. लाजेने मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. व्हर्लिनने माझी स्प्रिंग बदलली, तेल घातलं, घासूनपुसून लख्ख केलं. मी पुन्हा अडकलो.

"थकलाय तो," व्हर्लिन म्हणाला. "शनिवारच्या स्पर्धेत नाही चालला, तर देऊन टाकू दुकानात."

मला ते पटलं. मीच नालायक, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी दुपारी ट्वायलाने माझी नळी काढली आणि तीत एकेक काडतूस टाकायला लागली. काही ठण्णकन बसली. काही मात्र निम्म्यातच मान वर काढून राहिली. तेवढ्यात व्हर्लिन आला.

"हे काय पोरखेळ चाललेत?"

"डॅडी, याच्यावर अंगठा फिरवा बरं."

त्याने फिरवला. "गुळगुळीत आहे की."

"इथे कड लागतेय. बघा ना नीट."

त्याने पुन्हा फिरवला, मग दुसऱ्या हाताचा अंगठाही लावून पाहिला. नंतर तो स्टुलावर बसला.

"काहीच लागत नाही गं मला, पोरी. हिवाळ्यापासून बोटं मेल्यासारखीच आहेत. साखरेचा आजार, दुसरं काय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर इथे बसू दिलं असतंस?"

ट्वायलाने अडकलेलं काडतूस नळीतून काढून बाजूला ठेवलं.

"नकोच बसू देऊस," तोच म्हणाला. "आज पुंगळीचं तोंड सैल राहिलं. उद्या चुकून आत दारू दुप्पट पडली, तर तुझा हात जाईल." त्याने दाबयंत्राचा दांडा काढला आणि तिच्या हातात दिला. मग हात कुठे ठेवावेत, हेच त्याला कळेना.

मी निर्दोष सुटलो होतो. पण खरं सांगतो, अडकलो तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज मला त्या दुपारी वाटली. एका म्हाताऱ्याची अब्रू घेऊन सुटण्यात कसला आलाय आनंद?

शनिवारी माझ्यात विकतची काडतुसं भरली. मी एकदाही अडखळलो नाही. प्रत्येक बार नीट उडाला की व्हर्लिन जमिनीकडे बघायचा. मी नीट चालतोय यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे वा!" ऑरिन आलाच. "झालं तरी काय होतं एवढं? काडतुसंच भुक्कड होती की काय म्हाताऱ्याची?"

व्हर्लिनने तोंड उघडलं. त्याच्या आधी ट्वायला बोलली.

"छे! पिस्तूलच बिघडलं होतं. डॅडींनी बसवलं नीट."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं आणि मला हळूच तिच्या हातातून काढून पेटीत ठेवलं. झाकण लावताना त्याचा तो बधिर अंगठा माझ्यावरून फिरला.

तुम्हालाही कुणी विचारलं, तर तेच सांगा. बिघडलो होतो मीच.