बाकावरून उठू नये

अंगावर कोसळलेल्या खेळाडूंच्या ढिगाखालून ऑर्व्हिल उठला आणि चिखल झटकत थेट समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. प्रेक्षक खदखदून हसले. सोबत्यांनी त्याला दंडाला धरून परत आणलं.

लायमन ट्रास्क मात्र हसला नाही.

तो या कॉलेजचा कोच. पण सामना सुरू झाला की कोचनं बाकावर मुकाट बसायचं, खुणेनंसुद्धा काही सांगायचं नाही, हा त्या काळच्या अमेरिकी फुटबॉलचा नियम. मैदानात राज्य कॅप्टनचं. ट्रास्क स्वतः खेळायचा तेव्हा जड नावाचा त्याचा मित्र डोक्याला मार बसल्यावर असाच उठून भलतीकडे गेला होता. तेव्हाही लोक हसले होते. जडला पुढचा रविवार दिसला नाही.

"पोराला काही समजत नाहीये, साहेब," ट्रास्क म्हणाला.

"फुटबॉल आहे हा. समजून कोण खेळतं?" शेजारी बसलेले कॉलेजचे अध्यक्ष ग्रिसम म्हणाले. "या लोकांना हरवायची वाट बघून केस पिकले आमचे. एवढी आघाडी टिकू दे. बसा."

पुन्हा ढीग कोसळला. ऑर्व्हिल उठला, पण फार हळू. शिरस्त्राण नसल्यानं डोक्याला तेवढंच संरक्षण म्हणून वाढवलेले त्याचे लांब केस कपाळाला चिकटले होते. आणि तो हसत होता.

 ट्रास्क उठला आणि मैदानात शिरला. पंचांची शिट्टी वाजली.

"कोच, वेड लागलं का तुम्हाला?" कॅप्टन ओरडला.

ट्रास्कनं ऑर्व्हिलचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कुणाशी खेळतोयस तू?"

"तुमच्याशीच, असं दिसतंय!" पोरगा भडकला. "मला काढू नका, कोच. बाहेर गेलो की परत घेत नाहीत."

"ठाऊक आहे. चल."

कोच मैदानात शिरल्याचा दंड म्हणून पंचांनी चेंडू उचलून ट्रास्कच्याच संघाच्या गोलरेषेपाशी आणून ठेवला. पुढच्याच धडकेत समोरच्यांनी तो रेषेपार नेला आणि सामना हातचा गेला.

ग्रिसम उठले. "सोमवारी कॉलेजातली तुमची खोली रिकामी करा," एवढंच बोलले आणि चालते झाले.

"मला काहीही झालेलं नाही," ऑर्व्हिल रागानं थरथरत म्हणाला. "काहीही! भित्रे आहात तुम्ही."

"आहे रे बाबा," ट्रास्क म्हणाला.

माणसं पांगली. गार वारा सुटला. बाकावर दोघंच उरले.

"आता तरी हात सोडा," ऑर्व्हिल पुटपुटला.

ट्रास्कनं त्याच्या नाडीवरची बोटं काढली नाहीत.