पडदा झालेलं शीड

मी एक शीड बोलतंय. होय, होडीचंच, पण हल्ली माझ्या वाट्याला वारा कमी आणि सिनेमा जास्त येतो.

करंज्याच्या बंदरात होडीवाल्या बुधाजीनं मला स्वतःच्या हातांनी शिवलं. पुढे होडीला इंजिन आलं आणि मी घडी होऊन पडलं. मग एके वर्षी, बायको रंभा माहेरी गेलेली असताना, बुधाजीनं तिला न विचारता होडीच विकून टाकली. दोघं पनवेलजवळ सुकापूरला मुलाच्या बिऱ्हाडी आली. होडी घेणाऱ्याला शीड नको होतं, म्हणून मी तेवढं सोबत आलं.

तेव्हापासून रंभानं नवऱ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं की ती नातीला, रियाला, पुढे करायची. "तुज्या आज्याला सांग, जेवाण वाढलंय." आजा समोरच बसलेला असायचा! मला फार वाईट वाटायचं.

रियाला जुन्या विनोदी सिनेमांचं भारी वेड. बोलपट नुकते बोलायला लागले होते त्या काळातले, काळे-पांढरे, इंग्रजी. दोन हजार नऊच्या मे महिन्यात तिनं कुठूनसा प्रोजेक्टर आणला आणि गच्चीवर पडदा म्हणून मला बांधायला आजोबांना सांगितलं.

सिनेमा मी कधी पाहिलाच नाही. तो माझ्या अंगावर पडतो. मला दिसतात समोरची तोंडं. शेजारीपाजारी जमले होते. भाषा कुणाला धड कळत नव्हती, त्यातले नट तर केव्हाच वारलेले. तरी कुणी धडपडलं की अख्खी गच्ची हसायची. त्या उजेडात मी अर्धवट झोपेत असल्यासारखं डुलत होतं. रंभाचं तोंड मात्र मिटलेलं.

एवढ्यात खाडीकडून वारा सुटला. बुधाजीनं मला हाताच्या सवयीनं बांधलं होतं, वारा भरेल असं ढिलं. मी टम्म फुगलं आणि सिनेमातल्या काडीपैलवानाला एकदम पोट सुटलं!

"अवो, परदा हाय तो, शीड नाय! दोर खेचा ना!" रंभा हसत ओरडली, थेट नवऱ्याला.

बुधाजी दोर धरून नुसता उभा राहिला. "खेचतो," म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

सिनेमा संपल्यावर तिनं होडीवरून त्याला मनसोक्त झापलं. तो सुखानं ऐकत बसला.

आता मी पार विरलंय. रियाची आई नवा पडदा आणू म्हणते. आणा खुशाल. फक्त बांधायचं काम बुधाजीकडेच असू द्या. तो दर वेळी दोर मुद्दाम ढिला सोडतो, आणि हे पक्कं ठाऊक असूनही रंभा दर वेळी ओरडते.