चिऊची खुर्ची

वेबसाइट म्हणजे काय हे नानांना तिघांनी तीन वेळा समजावलं होतं, आणि तिन्ही वेळा नानांनी "हो हो, कळलं" म्हणून मान हलवली होती. कळलं होतं डोंबल! सुतारकाम करता करता ज्याचे केस पिकले, त्याला कुणी काचेवर बोट फिरवून "हे बघा तुमचं नवीन दुकान" म्हणायला लागलं, तर त्या बिचाऱ्याने काय समजायचं?

पण मान हलवणं भाग होतं. दुकानाचा कारभार आता थोरली लेक बघायची, आणि तिने स्पष्टच सांगून टाकलं होतं. "नाना, येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांवर आता भागत नाही. वेबसाइटवरून कामं आली तर कारखाना ठेवू. नाही आली तर मागची जागा भाड्याने देऊ आणि पुढे तयार माल विकू." मागची जागा म्हणजे नानांचा कारखाना. तिथून उठून त्यांनी जायचं कुठे? घरी बसून माश्या मारायच्या?

वेबसाइट बनवायला एक मुलगी यायची. नाना तिला स्क्रीनवाली म्हणत. पोरगी गुणी, पण प्रश्न फार. गिऱ्हाइकाने घरबसल्या लाकूड निवडायचं, मापं टाकायची, खुर्चीला हात हवेत का, पाठ केवढी ते ठरवायचं, की समोर चित्र तयार. असं काहीतरी ते होतं. त्यासाठी तिला आकडे हवे होते.

"नाना, बैठकीची उंची कमीत कमी किती?"

"ते बसणाऱ्यावर आहे."

"हो, पण याच्याखाली आपण करत नाही, असा काही आकडा असेल ना?"

"करत नाही कसं? माणूस आला की करायचं."

"बरं, हात? दोन, की बिनहाताची?"

"लागतील तेवढे."

स्क्रीनवालीने लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे. घोडं तिथेच अडलं.

नाना काही मुद्दाम आडमुठेपणा करत नव्हते हो. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियमच होता, की गिऱ्हाइकाने माप दिलं की "असं का?" म्हणून विचारायचं नाही. कुणाचा गुडघा वाकत नाही, कुणाची पाठ धरलेली असते. ते त्याच्या तोंडून वदवून घेणं म्हणजे जखमेवर मीठ. आपण माप घ्यायचं आणि रंधा धरायचा.

लेकीने कारखान्याच्या भिंतीवर एक टॅब्लेट टांगून ठेवला होता. "काम आलं की हा वाजेल," एवढंच सांगून ती लाकूड बघायला परगावी गेली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो टिंग करून वाजला की!

नानांनी चष्मा लावला. नाव, चिऊ. बैठक जमिनीपासून नऊ इंच. हात एकच, डावा. पाठ मात्र चांगली डोक्यापर्यंत.

नानांचं डोकं चक्रावलं. लहान मूल म्हणावं तर पाठ एवढी उंच. मोठी बाई म्हणावी तर बैठक इतकी बुटकी. विचारायची तर सोय नाही. ते स्वतःच भुशात एका बुटक्या ठोकळ्यावर बसले, पाय पसरले, आणि डाव्या हाताने काहीतरी धरून उठून पाहिलं. असं असेल होय? उजव्या हातात जोर नसेल बिचारीच्या. मग एवढी पाठ कशाला? मान धरवत नसेल? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता, आणि गुंता वाढत होता तसा चिऊवर जीव जडत होता.

एका बाजूला भार पडून खुर्ची कलंडू नये म्हणून त्यांनी डावे पाय जरा फाकवून लावले. हाताचं टोक तळव्यात बसेल असं गोल केलं आणि पुन्हा पुन्हा चोळलं.

लेक परत आली ती स्क्रीनवालीला घेऊनच. "नाना, हे काय?"

"चिऊची खुर्ची."

स्क्रीनवालीचा चेहरा पडला. "नाना, चिऊ म्हणजे मीच. म्हणजे, कुणीच नाही. वेडेवाकडे आकडे टाकले तर वेबसाइट बंद पडते का, ते बघत होते मी. हा टॅब्लेट जोडलाय हे मला माहीतच नव्हतं."

"म्हणजे ती येणार नाही?"

"ती नाहीच आहे, नाना."

"मग ही मापं कुणाची?"

"कुणाचीच नाहीत."

नाना मट्कन खाली बसले. जन्मात त्यांनी कधी कुणाचीच नसलेली मापं घेतली नव्हती. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि नेमकं कुणासाठी वाटतंय तेच कळेना.

"चांगलं लाकूड वाया गेलं!" म्हणत लेक रागारागाने त्याच खुर्चीत बसली. बसली ती बसलीच. डोकं मागे टेकलं, डावा हात आपोआप त्या गोल टोकावर गेला.

"तो कमीत कमीचा आकडा टाकूच नकोस," शेवटी ती स्क्रीनवालीला म्हणाली. "आणि पहिल्या पानावर या खुर्चीचा फोटो लाव."

"अहो, मग लोक काहीही टाकतील!"

"टाकू देत. होतंय ना करून?"

वेबसाइट सुरू झाली. टॅब्लेट मात्र ढिम्म. नानांनी पटाशांना धार लावली, लावलेल्यांना पुन्हा लावली. जागा बघायला एक माणूसही येऊन गेला. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, तेव्हा नाना पाठ करून उभे राहिले.

आणि एका दुपारी टिंग झालं. नानांनी बोटही लावलं नाही, लेकीला हाक मारली. "बघ गं, ही खरी आहे की तुमच्यातलीच?"

लेकीने वाचलं. तीच खुर्ची, बैठक जराशी वर, हात उजवा. खाली मागवणाऱ्या बाईने लिहिलं होतं, "सगळे आधी कारण विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत. आभारी आहे."

"खरी आहे, नाना," लेक म्हणाली. मग डोळे पुसून ती कारभारावर आली. "अहो, तयारच आहे की आपल्याकडे! पाय वाढवा, हात इकडचा तिकडे करा, झालं."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. एवढी शिकलेली पोर, आणि हे काय बोलते?

"ती कशी देणार?" ते म्हणाले. "ती चिऊची आहे." आणि नवी फळी काढायला उठले.